मला पोहोचवता न आलेला प्रश्न

"आजोबा, जिनं तुमचा जीव वाचवला, तिलाच तुम्ही तुरुंगात का पाठवलंत?"

मित्रांनो, हा प्रश्न विचारला भोंग्यानं. भोंगा म्हणजे या घरातली चौदा वर्षांची नात. जन्मली तेव्हा ती इतक्या जोरात रडली की आजोबा म्हणाले, "अरे, हा तर गिरणीचा भोंगा! हिचा आवाज मला मशीन न लावता ऐकू येतो!" तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं. शाळेच्या पटावर दुसरं चांगलं नाव आहे, पण त्या नावानं हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

हा प्रश्न काही तिच्या एकटीच्या डोक्यातून आलेला नव्हता. शाळेत त्यांना एक सिनेमा दाखवला होता. त्यात एका मंत्र्याला राजकारणासाठी पळवून नेतात, कोंडून ठेवतात आणि हळूहळू पळवणारे आणि तो मंत्री एकमेकांशी माणसांसारखे वागू लागतात. सिनेमा सुटल्यावर वर्गात वाद पेटला. एक मैत्रीण म्हणाली, "हॅट, असलं काही खरं नसतं." दुसरीची आत्या वकील आहे, तिच्याकडून हिला कळलेलं. ती म्हणाली, "असतं की! हिच्या आजोबांचंच झालंय. फक्त त्याचा शेवट असा गोड नाही. काय गं भोंग्या, आहे हिंमत विचारायची?"

भोंग्याला हिंमतीवरून डिवचलेलं चालत नाही. त्यातून नुकतीच ती वक्तृत्वात पहिली आलेली. सध्या ती पाण्याचा पेलासुद्धा भाषण केल्यासारखा मागते. तेव्हा दुपारी घरी आली, दप्तर भिरकावलं आणि थेट आजोबांच्या खुर्चीपुढे उभी राहून तिनं विचारून टाकलं.

आजोबा आधी हातातल्या पेपराची घडी घालत बसले. ऐकू आलं नाही, असं नव्हतं. त्यांच्या कानामागे शेंगदाण्याएवढं नवं मशीन असतं. शेवटी ते म्हणाले, "कपाटाच्या खालच्या खणातून माझं जुनं मशीन काढ."

ते जुनं मशीन म्हणजे मी.

मी काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, बदामी रंगाचा डबा आहे. पाठीला खिशात अडकवायची क्लिप, कडेला आवाज कमी-जास्त करायचं दातेरी चाक, पोटात एक पेन्सिल सेल. माझ्या डोक्यातून एक बारीक वायर निघते आणि तिच्या टोकाला कानात घालायचा मणी असतो. म्हणजे ऐकायचं काम छातीवर बसून मी करतो, आणि ऐकलेलं कानापर्यंत नेते ती वायर. माझ्यासारख्यांचं एक दुःख असतं. सेल नसला, वायर तुटली, तरी आम्हाला ऐकू येतच राहतं. आम्ही ते पोहोचवू शकत नाही, एवढंच.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. डोळ्यांना भिंग लावलेल्या बायका ओळीनं बसून माझ्यासारख्यांच्या पोटात केसाएवढ्या तारा जोडायच्या. शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येकाच्या तोंडाशी "एक, दोन, तीन" म्हणायची. मी ऐकलेला पहिला आवाज तो. तिनं मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. मला तेव्हा वाटलं होतं, जगातले सगळे आवाज असेच असणार, मोजून मापून, एकापाठोपाठ एक.

मग मला साहेब भेटले. तेव्हा सगळे त्यांना साहेबच म्हणायचे, कारण नुकतेच ते मजूर खात्याचे मंत्री झाले होते. पण त्याआधी वीस वर्षं ते विणकर होते. एका छपराखाली दोनशे माग, आणि आडवं सूत नेणारे दोनशे धोटे दिवसभर इकडून तिकडे आपटणार. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. एकट्या त्यांचे नाही, तिथल्या सगळ्यांचेच थोडेथोडे गेले. म्हणून मागावरच्या माणसांनी एक युक्ती काढली होती. तोंड मोठं उघडायचं, ओठ नीट हलवायचे, आवाज काढायचाच नाही. काढून तरी कुणाला ऐकू येणार होता? तीन ओळींपलीकडच्या बाईशी अशा गप्पा चालायच्या. मुकादम मधे उभा असायचा आणि त्याचीच टिंगल त्याच्या डोक्यावरून जायची. त्याला पत्ताही नसायचा.

साहेब मजुरांचे पुढारी झाले, निवडून आले, मंत्री झाले. मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बसून सगळं ऐकलं. भाषणं ऐकली, टाळ्या ऐकल्या. सभागृहात विरोधक फार तापले की साहेब हळूच माझं चाक मागे फिरवायचे आणि शांतपणे हसत बसायचे. कुणी कौतुक केलं की खिशावर थाप मारून म्हणायचे, "हे सगळं याच्यामुळे." मी फुशारून जायचो. आता सांगायला लाज वाटते.

मग एके दिवशी त्यांच्यापुढे एक कागद आला. ज्या गिरणीत ते वाढले, ती बंद करायचा कागद. सहीचा आवाज फार छोटा असतो, मित्रांनो. कागदावर नखानं ओरखडल्यासारखा. खिडकीखाली हजारभर माणसं ओरडत होती. त्यांत कित्येक ओळखीचे आवाज होते. साहेबांनी चाक मागे फिरवलं. त्या दिवशी समोर विरोधक कुणीच नव्हते.

ओरडणाऱ्यांतल्या सात जणांना पकडून तुरुंगात टाकलं. आणि महिनाभरानं, सकाळी फिरायला गेलेले साहेब परत आलेच नाहीत.

कुणीतरी पत्ता विचारायला गाडी थांबवली, एवढंच त्यांना कळलं. पुढच्या क्षणी ते गाडीत होते आणि डोक्यावर पोतं. तेवढ्यात एकाला माझी वायर दिसली. तो किंचाळला, "वायर! वायर आहे याला! पोलिसांना ऐकू जातंय सगळं!" त्यानं मला हिसडून ओढलं, सेल उपसून काढला आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात कोंबलं. त्या हिसड्यानं माझी वायर डोक्यापाशी दुखावली. तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आम्हाला ठेवलं होतं एका बंद पडलेल्या रंगखान्याच्या कोठीत. भिंतींवर निळे-लाल ओघळ, विटांनी बुजवलेली खिडकी, लोखंडी खाट, बादली आणि दिवसरात्र जळणारा एक पिवळा दिवा. पळवणारे तिघं होते. पुढारी होता मास्तर, खरोखरचा शाळेतला मास्तर, संपाच्या बाजूनं बोलला म्हणून काढून टाकलेला. दुसरा ड्रायव्हर, मला हिसडणारा. तिसरी वीस-एकवीस वर्षांची मुलगी, तिला ते धाकटी म्हणायचे. तिघांच्याही तोंडावर कापडी बुरखे, डोळ्यांपुरती भोकं. मास्तरचा नियम एकच होता, बुरखा काढायचा नाही. साहेबांनी ज्याचा चेहरा पाहिला तो अडकला, आणि मग साहेबांना जिवंत सोडता येणार नाही. त्यांची मागणीही एकच होती. सात माणसं सोडा, तुमचा मंत्री घेऊन जा.

पहिले दोन दिवस फार वाईट गेले. मास्तर काहीतरी विचारायचा, साहेब त्याच्या बुरख्याकडे बघत बसायचे. ओठ झाकलेले, मी डब्यात. त्यांना कळणार तरी कसं?

"मगरुरी बघा!" मास्तर ओरडला. "आम्ही उत्तर द्यायच्याही लायकीचे नाही!" आणि मी डब्यात असताना थोबाडीत मारल्याचा आवाज ऐकला.

"मास्तर, थांबा!" धाकटी मधे पडली. "यांना ऐकूच येत नाहीये. बघा ना, मान कशी तिरकी केलीय. माझी आई अशीच करते. ते ट्रान्समीटर नाही हो, कानाचं मशीन आहे. आई आयुष्यभर मागावर होती, पण तिला कधी मिळालं नाही."

मग डबा उघडला. मास्तरनं स्वतः माझ्या पोटात सेल बसवला, मणी साहेबांच्या हातात दिला आणि पडलेल्या आवाजात म्हणाला, "माझ्या वर्गात एक मुलगी होती. वर्षभर मी तिला ढ म्हणत होतो. वर्ष संपताना कळलं, तिला ऐकू येत नव्हतं." माफी मागितली नाही त्यानं. पण त्यानंतर हातही उचलला नाही.

मित्रांनो, पुढचे दिवस मी कधी विसरणार नाही. भीती होतीच. पण एकाच खोलीत चार माणसं राहिली की भीतीलाही खावं लागतं, झोपावं लागतं, खोकला येतो. ड्रायव्हर पहाऱ्यावर बसून कुरकुरायचा, "साहेब, तुमच्या त्या नव्या नियमानं माझं लायसन गेलं."

"ते खातं माझं नाही."

"सगळे मंत्री असंच म्हणतात! बुरख्यात घामानं जीव चाललाय माझा. तुम्ही डोळे मिटता का जरा? मी तोंड पुसून घेतो."

आणि साहेब खरंच डोळे मिटायचे. अगदी घट्ट. ड्रायव्हर "झालं, उघडा" म्हणेपर्यंत. एकदा तो सांगायला विसरला. साहेब अर्धा तास तसेच बसून राहिले. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, "झोपलात होय?" तर साहेब म्हणाले, "नाही, तुझ्या तोंडाची वाट बघतोय." त्या पिवळ्या खोलीत त्या दिवशी दोघं हसले.

बाराव्या दिवशी माझा सेल संपला. ड्रायव्हरनं आपल्या टॉर्चमधला काढून दिला. "घ्या," म्हणाला, "टॉर्च मी नाहीतरी तुमच्या डोळ्यांवर मारायलाच वापरतो."

धाकटी मात्र हसायची नाही. ती खाटेजवळ स्टूल ओढून एकच विचारायची, "सही का केलीत?"

साहेबांनी पहिल्यांदा बरीच कारणं सांगितली. तोटा, जुनी यंत्रं, वरून आलेला हुकूम. दुसऱ्यांदा कारणं कमी झाली. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "खुर्ची जाईल म्हणून केली." त्यावर ती उठली, आपल्या अंगावरची शाल काढून त्यांच्या पायांवर टाकली आणि बाहेर गेली. मला वाटतं, त्या खोलीत कुणी तरी पहिल्यांदाच खरं बोललं होतं, आणि ते शत्रू होते म्हणून काही अडलं नव्हतं.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी रेडिओवर बातमी आली. सरकार कुणालाही सोडणार नाही. मास्तरनं रेडिओ बंद केला. "उद्या सकाळी," तो म्हणाला. निकाल वाचावा तशा आवाजात. मग ड्रायव्हरला दाराशी बसवून तो कुठेतरी निघून गेला.

थोड्या वेळानं धाकटी ताट घेऊन आली. ड्रायव्हरकडे पाठ करून ती साहेबांसमोर गुडघ्यांवर बसली. ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कापड सळसळल्याचा. आणि मग, मित्रांनो, काहीच नाही. माझ्या सेलमध्ये जोर होता, चाक पुढे होतं, मी जिवाचे कान करून ऐकत होतो. पण मला ऐकू येत होते ते फक्त साहेबांच्या छातीचे ठोके. आधी शांत, मग एकदम धावायला लागलेले.

त्या खोलीतलं सगळ्यात मोठं बोलणं माझ्यासमोर झालं आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. काय झालं ते मला पुढे साहेबांच्या तोंडून कळलं. तिनं बुरखा वर केला होता. आईशी बोलायची तसं, मागावरच्या ओठांनी ती बोलली होती. "आज चार वाजता मागचं दार उघडं असेल. डावीकडे चालत जा. पळू नका." तिचा चेहरा दिसणार, हे तिला माहीत होतं. पण ओठ दाखवल्याशिवाय ते सांगता येणार नव्हतं.

चार वाजता ड्रायव्हर अचानक म्हणाला, "गाडीत काहीतरी बिघडलंय," आणि बाहेर जाऊन बॉनेटमध्ये डोकं घालून बसला. त्या गाडीला काहीही झालं नव्हतं, सकाळीच मी तिचं इंजिन ऐकलं होतं. साहेब उठले, मागच्या दारानं बाहेर पडले, डावीकडे वळले आणि चालत राहिले. पळाले नाहीत.

इथे सिनेमा संपला असता. पण माझी गोष्ट चौदा महिन्यांनी पुढे कोर्टात गेली.

तिघंही संशयावरून पकडले गेले होते. मास्तर, ड्रायव्हर, धाकटी. पण त्या कोठीत साहेबांखेरीज त्यांना पाहिलेलं दुसरं कुणी नव्हतं. सगळं साहेबांच्या साक्षीवर होतं. साहेबांनी पोलिसांना सांगितलं होतं, "सगळ्यांची तोंडं झाकलेली होती." कोर्टातही तेच सांगायचं ठरलं होतं. रोज सकाळी दाढी करताना ते आरशात बघून म्हणायचे, "मी हिला ओळखत नाही." मी खिशातून ऐकायचो. पहिल्या दिवशी वाक्य अडखळायचं. पंधरवड्यात गुळगुळीत झालं.

अडखळत होतो तो मी. माझी ती दुखावलेली वायर आता मधेच तुटायची, मधेच जोडली जायची. चिमटीत धरली की चालायची. मशीनवाल्या दुकानदारानं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, वायर बदला. दहा मिनिटांचं काम आहे."

"पुढच्या आठवड्यात बघू," साहेब म्हणाले. "चालतंय की."

घरातही कुणी आठवण केली नाही. पुढचा आठवडा आला तो साक्षीचा.

कोर्टात पंखे गरगरत होते. सरकारी वकिलांनी मास्तरकडे बोट दाखवून विचारलं, "यांना ओळखता?" साहेब म्हणाले, "नाही." ड्रायव्हरकडे बोट दाखवलं. "नाही." मग वकील कागद घ्यायला मागे वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "आणि आरोपी क्रमांक तीनला ओळखता?"

मी तो प्रश्न ऐकला. स्पष्ट ऐकला. पण तेवढ्यात साहेब जरासे वळले, आणि माझी वायर तुटली.

प्रश्न माझ्यापाशीच राहिला. साहेबांच्या कानात पोहोचलाच नाही. मी ओरडू शकत नव्हतो. वकिलांची पाठ होती, ओठ दिसत नव्हते. साहेबांची मान तिरकी झाली.

ती तिरकी मान आरोपीच्या पिंजऱ्यातल्या धाकटीनं पाहिली. आयुष्यभर आईची तशी मान बघत आलेली मुलगी ती. तिनं विचार केला नसणार, मित्रांनो. हात भाजला की माणूस जसा हात मागे घेतो, तसं झालं ते. तिनं ओठ मोठे करून, आवाज न काढता सांगितलं, "हिला ओळखता का, विचारतायत."

आणि साहेब, वीस वर्षं मागावर घालवलेला तो माणूस, तिच्याकडे बघून ओठांनीच म्हणाला, "बरं." मग मोठ्यानं म्हणाला, "मी हिला ओळखत नाही."

वकील वळले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"साहेब," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माझा प्रश्न तुम्हाला तिनं सांगितला. तुम्ही तिला 'बरं' म्हणालात. त्या खोलीत तर सगळ्यांची तोंडं झाकलेली होती. मग हिचे ओठ वाचायची सवय तुम्हाला कुठे लागली?"

हेही साहेबांना ऐकू आलं नाही, आणि ते अजून धाकटीकडेच बघत होते. शेवटी न्यायाधीशांनी प्रश्न कागदावर लिहून त्यांच्या हातात दिला. आरोपी क्रमांक तीनचा चेहरा तुम्ही त्या खोलीत पाहिला होता का? साहेबांनी तो वाचला. धाकटीकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती, ओठ मिटून घेतले होते. या वेळी ती काहीच सांगणार नव्हती.

साहेब म्हणाले, "हो."

तिनंच मला वाचवलं, हेही त्यांनी सांगितलं. तीन-तीनदा सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं. पण त्यानं शिक्षा बदलली नाही. मास्तर आणि ड्रायव्हर पुराव्याअभावी सुटले. ज्यांनी शेवटपर्यंत बुरखा काढला नाही, ते घरी गेले. जिनं काढला, तिला जन्मठेप झाली.

साहेबांनी मंत्रिपद सोडलं. एक नवं कोरं कानाचं मशीन घेऊन त्यांनी धाकटीच्या आईला पाठवलं. पार्सल न उघडता परत आलं. त्या दिवशी त्यांनी मला खिशातून काढून खालच्या खणात ठेवलं. माझी वायर आजही तशीच आहे.

मित्रांनो, मी काही फार मोठी वस्तू नाही. पण तुमच्या घरात कुणाच्या कानाचं मशीन असेल, कुणाचा चष्मा असेल, कुणाची काठी असेल, तर तिच्याकडे अधूनमधून बघत जा. "चालतंय की" म्हणू नका. आमच्या अंगावरची एक बारीक तार कुणाकुणाला बांधून असते, हे आम्हालाही आधी माहीत नसतं. दहा मिनिटांचं काम होतं ते. त्यापायी एका मुलीची वीस वर्षं गेली.

आजोबांनी हे सगळं भोंग्याला सांगितलं तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. एवढा वेळ न बोलता ती कधीच बसलेली नव्हती. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही दुसऱ्यांदाही 'नाही' म्हणायचं होतं ना!"

"एकदा शपथेवर खोटं बोललो होतो," आजोबा म्हणाले. "दुसऱ्यांदा जीभ वळली नाही. घाबरलो की शपथेला जागलो, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही बाळा. तू ठरव. तुला मी काय वाटतो ते मला सांगायचं नाही, एवढंच कर."

भोंग्यानं डोळे पुसले. मला उचललं आणि परत ठेवायला खण पूर्ण बाहेर ओढला. तळाशी अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली एक खाकी पाकीट होतं. फोडलेलं. त्यावर तुरुंगाचा शिक्का होता.

ते पाकीट महिन्यापूर्वी तिच्या बाबांनी तिथे सारलं होतं. शिक्षेचा फेरविचार करणाऱ्या समितीचं पत्र होतं. त्या खटल्यातल्या आरोपी क्रमांक तीनला आता सोडावं का, यावर ज्यांना पळवून नेलं होतं त्यांनी स्वतः हजर राहून म्हणणं मांडावं. न आल्यास त्यांची हरकत आहे असं धरलं जाईल. तारीख येत्या सोमवारची होती. आणि तो दिवस गुरुवार होता.

भोंग्यानं ते पत्र आजोबांना वाचून दाखवलं, इतक्या मोठ्यानं की जिन्यावरून जाणारी शेजारीण थबकली. आजोबांनी पत्र तिच्या हातातून घेतलं आणि स्वतः पुन्हा वाचलं. "जायला हवं," ते म्हणाले. मग पत्राची घडी घालत, "पण मी नाही जाणार."

"का?"

"या नव्या मशीनमध्ये मोठ्या खोलीतलं काही कळत नाही गं. सगळे आवाज एकमेकांत मिसळतात. समितीत पाच माणसं असणार. पुन्हा कुणी पाठमोरं विचारलं, पुन्हा मला ऐकू आलं नाही, आणि मी भलतंच बोललो तर? एकदा माझ्यामुळे ती आत गेली. आता बाहेर येणंही माझ्यामुळेच राहिलं तर?"

संध्याकाळी बाबा कामावरून आले. भोंग्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. बाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"त्या खणात हात घालायला तुला कुणी सांगितलं?"

"पत्र आजोबांचं आहे. वर त्यांचंच नाव आहे."

"तुला काय कळतंय त्यातलं!" बाबांचा आवाज चढला. "एकोणीस दिवस मी फोनशेजारी बसलो होतो. एकवीस वर्षांचा होतो मी. फोन वाजला की वाटायचं, गेले. नाही वाजला तरी वाटायचं, गेले. त्या एकोणीस दिवसांत तुझी आजी म्हातारी झाली. तिला कुणी सोडलं? आता ही बाई सुटावी म्हणून मी माझ्या बापाला पुन्हा त्याच प्रश्नांसमोर उभं करू?"

भोंग्यानं पाकिटावरचा हात मागे घेतला. मला वाटलं, आता खचली. बाबांचं म्हणणं काही खोटं नव्हतं.

आई हळूच म्हणाली, "सोमवारी हिची परीक्षाही आहे. पत्राचं आपण नंतर शांतपणे बघू ना."

"नंतर नाही आई. सोमवारीच आहे."

आजोबा खुर्चीत बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. कोण काय म्हणतंय, ते त्यांना अर्धंच लागत होतं. त्यांची मान तिरकी झाली होती. भोंग्यानं ते पाहिलं. ती जाऊन त्यांच्या समोर बसली आणि बाबांचं सगळं बोलणं, एकोणीस दिवस, फोन, आजी, एकही शब्द न गाळता ओठांनी त्यांना सांगितलं. लहानपणापासून ते दोघं जेवताना याच बोलीत आईच्या नकला करायचे. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि मग मुलाकडे वळून म्हणाले, "तू फोनशेजारी बसलास, ते मला कधी सांगितलं नाहीस रे."

बाबा खुर्चीवर मटकन बसले.

मग भोंगा उठली. या वेळी ती भाषणासारखं बोलली नाही. आवाज साधा होता, नेहमीपेक्षा हळू, पण त्या खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"बाबा, आई, माझं ठरलंय. सोमवारी मी परीक्षेला बसणार नाही. बाईंना मी स्वतः सांगेन. मी आजोबांबरोबर समितीपुढे जाणार आहे. त्यांच्या समोर बसून जो जे विचारेल ते मी त्यांना सांगणार आहे, एकही प्रश्न सुटू देणार नाही. उत्तर काय द्यायचं ते आजोबा ठरवतील. तुम्ही आलात तर गाडीनं जाऊ. नाही आलात तर आम्ही दोघं सकाळच्या बसनं निघू."